संपापूर्वीचे मत : कामठीच्या बिडी कामगारापासून अंबाझरीच्या कारखान्यापर्यंत

महाराष्ट्राच्या एका कामगार कायद्यात असे एक कलम आहे, ज्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. कायदा १९७१ चा. कामगार संघांना मान्यता देण्याविषयीचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याविषयीचा. त्याचे २४ वे कलम सांगते की, जेथे मान्यताप्राप्त संघ आहे, तेथे संपाची नोटीस देण्यापूर्वी संघाच्या बहुसंख्य सभासदांचे संपाच्या बाजूने मत मिळवलेले असले पाहिजे. ते नसेल तर संप बेकायदेशीर. मतानंतर नोटीस, नोटिशीनंतर चौदा दिवस, आणि मग संप.

संपाआधी कामगारांचे मत घेण्याची सक्ती म्हटली की सर्वांना ब्रिटन आठवते, मार्गारेट थॅचर आठवतात. पण ब्रिटनचा तो कायदा १९८४ चा. महाराष्ट्राने तत्त्व म्हणून ही अट त्याच्या तेरा वर्षे आधी विधिमंडळात मंजूर केली होती, आणि १९७५ पासून ती अमलातही आली. या धाग्यात त्या मताची गोष्ट सांगायची आहे. मात्र ती मंत्रालयातून सुरू होत नाही. ती सुरू होते नागपूरच्या ईशान्येला, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या कामठीत, जेथे मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या माणसांना मत विचारावे असे कोणाच्या मनातही नव्हते.

कामठी हे मुळात छावणीचे गाव. १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी तळ वसवला आणि तळाभोवती बाजार उभा राहिला. उत्तर हिंदुस्थानातून आलेले विणकर येथे स्थिरावले, पुढे रेल्वे आली. पण छावणी, हातमाग आणि रेल्वे यांच्या पोटात न मावलेल्या हातांना काम दिले ते बिडीने. पूर्व विदर्भाच्या जंगलात तेंदूचे झाड विपुल. पान स्वस्त, हात त्याहून स्वस्त. बिडीच्या धंद्याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही, बाष्पक लागत नाही. पान भिजवायचे, साच्याच्या मापाने कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. हजार बिड्यांमागे मजुरी. संध्याकाळी मोजणी होई, आणि मोजणाऱ्याच्या नजरेला जी बिडी वाईट दिसे ती बाजूला पडे. तिची मजुरी मिळत नसे. बिडी मात्र बहुधा मालकाकडेच राही.

मालक आणि वळणारा यांच्या मध्ये ठेकेदार उभा असे. बिडीच्या धंद्यात त्याला सट्टेदारही म्हणत. पान आणि तंबाखू तो आणून देई, तयार माल तो घेऊन जाई. वाद झालाच तर मालक म्हणे, ‘हा माझा कामगार नव्हे, ठेकेदाराचा’. आणि ठेकेदार म्हणे, ‘मी तर स्वतःच हमाल.’ या एका युक्तीत बिडी कामगाराचा अर्धा इतिहास सामावलेला आहे. संप करायचा म्हणजे कोणाविरुद्ध करायचा, हेच ठरत नसे.

येथे शेजारच्या नागपूरशी तुलना केल्यावाचून पुढे जाता येत नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. मजुरीच्या दरावरून त्याच वर्षी तेथे झालेला संप हा भारतीय गिरणी उद्योगातल्या अगदी आरंभीच्या नोंदलेल्या संपांपैकी एक मानला जातो. तेव्हा संघ नव्हता, संघांचा कायदा नव्हता, मतदान तर नव्हतेच. पण गिरणीला एक फाटक होते. त्या फाटकाच्या आत आणि बाहेर हा साधा फरक होता. सगळे बाहेर उभे राहिले की संप झाला. डोकी मोजता येत होती. कामठीच्या बिडी कामगाराला फाटकच नव्हते. तो घराच्या ओट्यावर, कुडाच्या आडोशाला, फार तर ठेकेदाराच्या कोंदट खोलीत बसलेला. त्याची बायको पान कापी, मुले दोरा बांधत. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, बिडीच्या कामात गुंतलेल्या अगदी लहान मुलांची दखल घेतली होती, हे या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अशा गावात ६ जानेवारी १९०४ रोजी हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत कारकून. महार समाजातल्या मुलाने त्या काळी मॅट्रिक व्हावे हीच मोठी गोष्ट. हरदास नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, आणि वयाची विशीही गाठली नसताना ‘महारठ्ठा’ नावाचे साप्ताहिक काढू लागले. रात्रशाळा, वाचनालय, स्त्रियांसाठी आश्रम अशी कामे त्यांनी आरंभली. लोक त्यांना बाबू हरदास म्हणत. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, आणि आज त्यांची ओळख बहुधा तेवढीच उरली आहे. हे थोडे अन्यायाचे वाटते. ज्या माणसाने एक शब्द दिला, त्याने त्या शब्दापूर्वी आणि नंतर काय केले हे विचारण्याची गरजच जणू संपली.

त्यांनी बिडी कामगारांचा संघ बांधला. नाव होते मध्य प्रांत बिडी मजूर संघ. ठेकेदाराला बाजूला सारून सहकारी तत्त्वावर बिड्या वळण्याचे कामही त्यांनी सुरू केले. या दुसऱ्या गोष्टीकडे नीट पाहावे. संपाचे हत्यार ज्याच्यापाशी नाही, त्याने काय करावे, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते. गिरणी कामगार यंत्र थांबवू शकतो. घरी बसून बिड्या वळणाऱ्याने हात थांबवले तर ठेकेदार पुढच्या वस्तीत जातो, पुढच्या गावात जातो. पान आणि तंबाखू पाटीत मावतात, त्यांना वाट अडत नाही. म्हणून कामच आपल्या हाती घ्यायचे. पण सहकाराला भांडवल लागते, आणि भांडवलाचा प्रश्न आला की वाट पुन्हा सावकाराच्या दारातून जाते. ही अडचण एकट्या हरदासांची नव्हती.

१९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. हरदास मध्य प्रांत-वऱ्हाडात या पक्षाचे प्रमुख कार्यकर्ते झाले आणि १९३७ च्या निवडणुकीत नागपूर-कामठी मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ही निवडणूक १९३५ च्या कायद्याखालची. मताचा अधिकार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. प्रौढांपैकी मोठ्या बहुसंख्येला तो नव्हताच. ज्यांच्यासाठी हरदास झगडत होते त्या बिडी वळणाऱ्यांपैकी, विशेषतः स्त्रियांपैकी, फार थोड्यांची नावे मतदारयादीत असू शकत होती. राज्यकारभारात मत नाही, धंद्यात मत नाही, आणि संप करावा की नाही या प्रश्नावरही ‘मत’ असे काही नाही. संघाच्या सभेत उंचावलेला हात हेच बहुतेकांचे पहिले मत असणार.

त्याच सुमारास मुंबई विधानसभेत कामगारांच्या मताविषयी एक मोठा वाद रंगला. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये औद्योगिक कलहांचे विधेयक चर्चेला आले. त्याचा गाभा असा होता की, आधी तडजोडीची सगळी पायरी चढा, तोवर संप केलात तर तो बेकायदेशीर आणि शिक्षेस पात्र. आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग आहे, दिवाणी स्वरूपाची बाब आहे. तिला गुन्हा ठरवून तुरुंगाची भीती घालणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. संपाचा हक्क हा त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्याचाच दुसरा पर्याय होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून त्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. मुंबईत गोळीबार झाला. विधेयक तरीही कायदा बनले.

हरदासांना पुढचे फारसे पाहता आले नाही. क्षयाने त्यांचा देह पोखरला होता. १२ जानेवारी १९३९ रोजी ते गेले. पस्तिसावा वाढदिवस होऊन अवघे सहा दिवस झाले होते. क्षय हा बिडीच्या खोल्यांमध्ये अनोळखी आजार नव्हता. कन्हानच्या काठी त्यांची समाधी आहे.

स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. बिडी कामगार मात्र कायद्याच्या दृष्टीने ‘कामगार’ आहे की नाही, याचा निकाल अजून लागायचा होता. यातला एक महत्त्वाचा खटला नागपूरचाच. नागपूरच्या एका बिडी कारखान्यातल्या तीन कामगारांनी पंधरा दिवसांची रजा मागितली. ती मिळाली नाही. ते गैरहजर राहिले. पैसे कापले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. मालकाचे म्हणणे असे : हे लोक कामाच्या ठराविक तासांना बांधलेले नाहीत, वाटेल तेव्हा येतात आणि जातात, नगावर मजुरी घेतात, म्हणून हे कामगार नव्हेतच. डिसेंबर १९६० मध्ये न्यायालयाने ते अमान्य केले. दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नाही, सलग आठ दिवस न येणाऱ्याला काढता येते, दर्जाला न उतरलेली बिडी नाकारता येते. एवढे नियंत्रण असेल तर तो कामगारच, असा निर्णय झाला. पण पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका बिडी कारखान्याबाबत त्याच न्यायालयाने बहुमताने उलटा कौल दिला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तेव्हा भिन्न मत नोंदवले.

एकच धंदा, एकच बिडी, तेच सूप. एक कामगार ठरला, दुसरा नाही. अखेर १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगारविषयक केंद्रीय कायद्याने कच्चा माल घरी नेऊन काम करणाऱ्यालाही कामगाराच्या व्याख्येत घेतले. हरदासांच्या मृत्यूला तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती.

आता आरंभीच्या कलमाकडे वळावे. त्याचे गणित समजून घेतले नाही तर सगळेच हातातून निसटते. कलम ‘सभासदांचे बहुमत’ मागते, ‘मत देणाऱ्यांचे बहुमत’ नव्हे. समजा संघाचे ६०० सभासद आहेत. ४०० जणांनी मत दिले. २९० संपाच्या बाजूने, ११० विरुद्ध. मत देणाऱ्यांत जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक संप हवा म्हणतात. तरीही महाराष्ट्राच्या कायद्याने संप बेकायदेशीर, कारण ३०१ हवेत. जे २०० घरी राहिले, ते आजारी असोत, पाळीवर असोत की लग्नाला गेलेले असोत, त्यांचे मौन ‘नाही’ या बाजूला पडते. ब्रिटनने २०१६ च्या कायद्यात निम्म्या सभासदांनी मत दिलेच पाहिजे अशी अट घातली, तेव्हा तेथे ती फार कठोर म्हणून गाजली. पण वरचे आकडे त्या अटीतून सुखरूप पार पडले असते.

आणखी काही गोष्टी या कलमात दडलेल्या आहेत. मत गुप्त असावे असे ते म्हणत नाही. संघाचा सभासद नसलेल्या कामगाराला ते विचारत नाही, जरी संपाची झळ त्यालाही बसते. कारखान्याला टाळे लावणाऱ्या मालकालाही चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. मत मात्र कोणाचेच घ्यावे लागत नाही. न्यायालयाने संप बेकायदेशीर ठरवला आणि अठ्ठेचाळीस तासांत तो मागे घेतला, तर तो बेकायदेशीर धरला जात नाही. ही एक शहाणी पळवाट आहे. आणि बेकायदेशीर संपाला चिथावणी देणाऱ्या संघाची मान्यता जाऊ शकते.

सर्वांत महत्त्वाची अट अगदी साध्या वाक्यात आहे. संघाला मान्यता मिळण्याची सगळी तरतूद पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमालाच लागू होते. मतदानाची अट मान्यताप्राप्त संघाला. म्हणजे ठेकेदारांच्या हाताखाली पाच-पाच, दहा-दहा घरांत विखुरलेल्या बिडी कामगारांना या कलमाच्या वाटेने ‘संप हवा की नको’ असे कधी विचारले जाईल, हे जवळपास अशक्य. कायद्याने त्यांच्या मताला बंदी केली नाही. तो त्यांच्या दारापर्यंत आलाच नाही.

मत घेणे चांगले की वाईट, यावर कामगार चळवळीत एकमत नाही, आणि ते नसावे हेच बरे. १९७२ मध्ये ब्रिटिश सरकारने रेल्वे कामगारांवर मतदान लादले. सामान्य कामगार पुढाऱ्यांपेक्षा मवाळ असतो अशी सरकारची समजूत होती. निकाल पाचास एकाहून अधिक प्रमाणात संपाच्या बाजूने लागला. उलट १९८४ मध्ये तेथील खाण कामगारांनी देशव्यापी मतदान न घेताच संप केला; नॉटिंगहॅमशायरच्या बहुतेक खाणी चालूच राहिल्या, आणि वर्षभराने हरून परतताना ‘मत का घेतले नाही’ हा प्रश्न त्यांच्या पाठीशी लागला. आपल्याकडे १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे बाहेर पडले. कायद्याने प्रतिनिधी संघ वेगळाच होता, आणि वाटाघाटीचा हक्क त्याच संघाचा. फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या अडीच लाख माणसांचे मत दिसत होते. कायद्याला ते मोजण्याची सोय नव्हती.

नागपूरच्या परिसरात अलीकडे असे मत दोनदा घेतले गेले. पहिली वेळ २०२० ची. संरक्षण उत्पादनाच्या सरकारी कारखान्यांचे महामंडळात रूपांतर करण्याच्या धोरणाविरुद्ध कामगारांच्या तीन महासंघांनी जून महिन्यात देशभर संपाचा कौल घेतला. नागपूरचा अंबाझरी कारखाना आणि भंडारा, चांदा येथील कारखाने याच कुटुंबातले. कामगारांनी जवळजवळ एकमुखाने संपाच्या बाजूने मत दिल्याचे महासंघांनी जाहीर केले. १२ ऑक्टोबरपासून बेमुदत संप ठरला. त्याच्या तीन दिवस आधी मुख्य कामगार आयुक्तांपुढे समझोता झाला आणि संप पुढे ढकलला गेला.

पुढे जे घडले त्यासाठीच ही गोष्ट येथे सांगितली. जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने रूपांतराचा निर्णय घेतलाच. महासंघांनी २६ जुलैपासून संपाचा इशारा दिला. ३० जूनला वटहुकूम निघाला आणि अत्यावश्यक संरक्षण सेवांमधील संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारकडे आला. बंदी मोडून संप करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, चिथावणी देणाऱ्याला दोन वर्षे किंवा पंधरा हजार. सामूहिक रजा आणि जादा तास नाकारणे हेही संपाच्या व्याख्येत आले. काम सोडणे गुन्हा ठरवू नका, हे १९३८ चे म्हणणे ज्यांना आठवत असेल त्यांना ही कलमे वाचताना ओळखीची वाटली असतील. १ ऑक्टोबर २०२१ रोजी कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. अंबाझरी ज्या कंपनीत गेला त्या यंत्र इंडिया लिमिटेडचे मुख्यालय नागपुरातच आहे. जे मत जवळजवळ एकमुखाने दिले गेले होते, ते कधी वापरलेच गेले नाही.

दुसरी वेळ नोव्हेंबर २०२३ ची. जुन्या पेन्शनच्या मागणीसाठी रेल्वे कामगारांच्या संघटनांनी देशभर संपाचा कौल घेतला. रेल्वेत ही प्रथा जुनी. स्थानकांवर, कार्यशाळांत, शेडमध्ये मतपेट्या फिरतात. संप झाला नाही. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली. ती त्या कौलामुळेच आली असे म्हणणे धाडसाचे होईल. निवडणुका होत्या, राज्याराज्यांतली आंदोलने होती. पण मतपेटीचे वजन कधी कधी संपापेक्षा अधिक भरते, कारण तिच्यातला आकडा समोरच्यालाही वाचता येतो.

कामठी स्थानक आज नागपूर-दुर्ग मार्गावर, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत येते. हरदासांचे वडील ज्या रेल्वेत कारकून होते, त्या रेल्वेच्या कामगाराला संपाविषयी मत विचारले जाते. त्याच्यासाठी पेटी येते, चिठ्ठी येते, मोजणी होते. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या वस्त्यांत हरदासांनी ज्यांचा संघ बांधला, त्यांच्या संध्याकाळच्या मोजणीत तेव्हा फक्त बिड्या मोजल्या जात.